बॅलेचं पोस्टर करताय? नावांच्या या चुका टाळा

रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर पोस्टरचं प्रूफ येतं. खाली एकच ओळ: ‘बघून लगेच ओके दे, छापखाना थांबलाय.’ आपण तारीख बघतो, तिकिटाचा दर बघतो, प्रायोजकांचे लोगो मोजतो. नावांवरून नजर नुसती फिरते. ‘सुनिल’ आणि ‘सुनील’वरून हुज्जत घालणारे आपण, पण परक्या नावातलं एखादं अक्षर गळलं तर पत्ता लागत नाही, कारण बरोबर नाव कसं दिसतं हेच डोळ्याला माहीत नसतं.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. एका पाहुण्या रशियन जोडप्याचा कार्यक्रम होता. बायकोच्या आडनावाच्या शेवटी ‘ओवा’ होतं. नवऱ्याच्या नावापुढे ते दिसेना, तेव्हा मला वाटलं टायपणाऱ्यानं खाल्लं. मी ते आपल्या हातानं जोडलं. नवरा-बायकोचं आडनाव एकच असणार ना! पोस्टरं लागली, जोडपं आलं. नवरा पोस्टरपुढे उभा राहून पोट धरून हसला. आयोजक अजिबात हसले नाहीत. एक अख्खी दुपार आम्ही दोघं-तिघं पांढऱ्या पट्ट्या कापून त्या ‘वा’वर चिकटवत बसलो होतो.

रशियनमध्ये आडनावाचा शेवट माणसाप्रमाणे बदलतो. पुरुष असेल तर पावलोव, बाई असेल तर पावलोवा. बॅलेतली सख्खी भावंडं बघा: वास्लाव निजिन्स्की आणि त्याची बहीण ब्रॉनिस्लावा निजिन्स्का, माया प्लिसेत्स्काया आणि तिचा भाऊ अझारी प्लिसेत्स्की. ‘एकसारखं करून टाकू’ म्हटलं की घोटाळा झालाच.

दुसरी चूक अशी, की इंग्रजी स्पेलिंग समोर ठेवून अक्षराला अक्षर लावायचं. आपल्याकडे साहित्य इंग्रजीतून येतं, पण नाव इंग्रजी असतंच असं नाही. ह्यूस्टनमध्ये नाव कमावलेला आणि पुढे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड बॅलेचा प्रमुख झालेला चिनी नर्तक घ्या. त्याचं स्पेलिंग वाचून ‘ली कुन्क्सिन’ लिहिण्याचा मोह होतो. चिनीच्या रोमन लेखनात ‘सी’ म्हणजे ‘त्स’ आणि ‘एक्स’ म्हणजे साधारण ‘श’. म्हणून तो ली त्सुनशिन. त्यातही ‘ली’ हे आडनाव, आणि ते आधी येतं. बातमीत दुसऱ्यांदा उल्लेख करताना ‘त्सुनशिन यांनी सांगितले’ लिहिलंत, तर आडनाव समजून तुम्ही त्यांना थेट पहिल्या नावानं हाक मारलेली असते. रुमानियाच्या अलिनाचं आडनाव ‘कोजोकारू’ नव्हे, कोझोकारूच्या जवळ जातं. इंग्लंडच्या नर्तिका फाँटेनबाईंचं नाव मार्गो. त्यातला ‘टी’ फक्त लिहायला आहे, ‘मार्गोट’ नको.

अर्जेंटिनाच्या मारियानेला नुन्येस हिच्या आडनावातल्या ‘एन’वर एक लहानशी लाट असते. पीडीएफमधून मजकूर उचलताना किंवा जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणताना ती लाट उडते, कधी अक्षरच जातं आणि तिथे चौकोन उरतो. चौकोन दिसला तर नशीब, निदान कळतं तरी. नुसती लाट गेली तर मराठीत बिनधास्त ‘नुनेझ’ छापून येतं. म्हणून कलाकारांची यादी चित्र म्हणून घेऊ नका, टाइप केलेली मागा, आणि छापलेल्या मूळ कार्यक्रमपत्रिकेशी ताडून बघा.

याच्या अगदी उलटी चूक म्हणजे चमत्कारिक दिसणारं नाव ‘दुरुस्त’ करणं. पॅरिस ऑपेराच्या बॅलेची सूत्रं 2014 ते 2016 ज्याच्याकडे होती, त्या बेंजामिनचं आडनाव मिल्पिये. फ्रेंचमध्ये त्याची फोड केली तर ‘हजार पाय’! नर्तकानं मुद्दाम घेतलेलं टोपणनाव वाटावं, पण आहे खरंखुरं आडनाव. लंडनच्या रॉयल बॅलेत गाजलेल्या वेनचं आडनाव स्लीप. मजकूर भाषांतर-यंत्रातून काढणाऱ्यांनी इथे जागं राहावं. डार्सी बसेलच्या ‘डार्सी’मध्ये ‘वाय’च्या आधी एक ‘ई’ आहे, आणि तो कुणी ना कुणी सुधारून काढून टाकतं. न्यूयॉर्कच्या एडवर्ड विलेलाच्या आडनावात दोनदा जोड ‘एल’ येतो. यातला एखादा ‘एल’ जास्तीचा म्हणून खोडायचा हात आवरा.

नावावरून देश ठरवणं ही चूक तर चांगले जाणकारही करतात. बॅले म्हणजे रशियन अशी लोकांची पक्की समजूत असलेल्या काळात रशियन नावाशिवाय तिकिटं खपत नसत. लंडनमध्ये 1910 साली जन्मलेली लिलियन अलिशिया मार्क्स ही चौदाव्या वर्षी रशियन बॅले-संयोजक द्यागिलेवच्या कंपनीत गेली आणि अलिशिया मार्कोवा झाली. त्याच कंपनीतली लिदिया सोकोलोवा मूळची हिल्डा मनिंग्ज. अँटन डोलिन हाही इंग्रजच. तेव्हा जुन्या बॅलेवर टिपण लिहिताना ‘रशियन नर्तिका मार्कोवा’ असं ठोकून देऊ नका. अमेरिकेतल्या ओसेज आदिवासी समाजातल्या मुलीलाही असंच सुचवण्यात आलं होतं: टॉलचीफचं ‘टॉलचीएवा’ कर. तिनं साफ नकार दिला. एलिझाबेथ मरीची मारिया व्हायला ती तयार झाली, आडनावाला मात्र हात लावू दिला नाही. त्यामुळे मारिया टॉलचीफ हे नाव कितीही बेंगरूळ वाटलं, तरी त्यामागे तिचा हट्ट आहे, टायपणाऱ्याची चूक नाही.

आपल्या माणसांच्या नावाचंही तिकडे असंच झालं. उदय शंकर 1923 मध्ये लंडनला रशियन नर्तिका अॅना पावलोवाबरोबर राधा-कृष्ण नाचले. पुढे स्वतःची कंपनी घेऊन ते युरोप-अमेरिका फिरले, तेव्हा पोस्टरवर ‘शान-कर’ असं मध्ये आडवी रेघ मारून छापलं जाई. मराठी डोळ्याला ती रेघ टोचते. पण त्या काळचं पोस्टर लेखात छापत असाल, तर चित्रातली रेघ तशीच ठेवा आणि तुमच्या ओळीत शंकर लिहा.

एकाच नावाची दोन-तीन बरोबर रूपं असतात, तिथे काय करायचं? नर्तक रुडॉल्फ नुरेयेवचं पॅरिसमधलं स्पेलिंग आणि लंडनमधलं स्पेलिंग वेगळं. निजिन्स्की घराणं मूळचं पोलिश, तिकडे आणखी तिसरंच. मराठीत ‘पावलोवा’ की ‘पाव्हलोव्हा’ यावर मी वाद घालणार नाही. मी ‘व’ वापरतो, तुम्ही ‘व्ह’ वापरा. पण पोस्टरवर एक, तिकिटावर दुसरं आणि बातमीत तिसरं असं झालं, की वाचकाला तीन नर्तिका येणार असं वाटतं. हयात कलाकाराच्या बाबतीत तो स्वतः लिहितो ते रूप धरा, आणि पहिल्याच दिवशी एका कागदावर रोमन आणि देवनागरी अशी जोडी लिहून सगळ्यांना पाठवा.

उच्चारासाठी मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे व्हॉइस नोट. कंपनीच्या व्यवस्थापकाला सांगायचं, प्रत्येकाला आपलं नाव दोनदा म्हणायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कलाकार खूश होतात. प्रूफ वाचताना नावं शेवटून सुरुवातीकडे, अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचा. रोल बदलला, कुणाचा पाय मुरगळला आणि ऐनवेळी दुसरं नाव आलं, तर ते फोनवरून ऐकून टाइप करू नका, लिहूनच मागा.

आणि सगळं तपासून झालं की सगळ्यात मोठ्या टायपातली ओळ वाचा. ती कुणीच वाचत नाही. नावांच्या पट्ट्या चिकटवून थकल्यावर, त्याच पोस्टरच्या डोक्यावर, आम्हाला ठळक अक्षरांत ‘रशियन बॅलेट’ दिसलं होतं. निवडणुकीचा मोसम होता, त्यामुळे मतपत्रिका समजून कुणी आलं असेल तर माहीत नाही.