लेथ लहान, जॉब मोठा: नव्या टर्नरसाठी माझा अनुभव

नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयमधून टर्नरची दोन वर्षं पुरी करून मी अंबडच्या एका गाळ्यात लागलो, तेव्हा मला वाटायचं की आपल्याला लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) येतो. येत होतं ते टर्निंग. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मशीनवर धरायला येत नव्हतं. शिकताना 25-30 मिलिमीटरचा बार थ्री-जॉ चकात (तीन जबड्यांच्या पकडीत) घालायचा, चावी आवळायची, संपलं. गाळ्यात मात्र एकच साडेचार फुटी लेथ, सेंटर हाइट (खालच्या बेडपासून फिरण्याच्या मध्यापर्यंतची उंची) 165 मिलिमीटर, आणि गिऱ्हाईक घेऊन आलं गॅसने कापलेली एमएसची (साध्या पोलादाची) चकती: व्यास 280, जाडी 40, मधे 60चं खडबडीत भोक. द्राक्षबागेच्या ब्लोअरच्या फ्लँजचं (बोल्टने जोडायच्या चकतीचं) काम होतं. वजन साधारण 19 किलो.

मी गणित केलं: 165 दुणे 330, म्हणजे 280 आरामात फिरेल. बेडवर फिरतोच. पण क्रॉस स्लाइडवर (टूल वाहणाऱ्या कॅरेजवरच्या आडव्या सरकपट्टीवर) त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त जागा असते, त्यामुळे कॅरेज जॉबखाली जात नाही आणि टूल डावीकडे लांब काढून काम करावं लागतं. चकती 40ची होती म्हणून निभावलं. तोच जॉब 150 लांब असता तर विषयच संपला होता.

खरी चूक पुढे झाली. बाहेरून धरायला जॉ पुरेनात, म्हणून मी मधल्या भोकात जॉ उघडून चकती आतून धरली. कट लावला कडेला. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात चकती सरकली, जॉवरून उतरली आणि बेडवर आपटली. मी बाजूला उभा होतो म्हणून पाय वाचला. बेडवरचा खड्डा अजून आहे.

आमच्या गाळ्यातले नाना मिस्त्री ओरडले नाहीत. म्हणाले, "अरे, दार बिजागरीजवळ धरून कडीकडचा धक्का थांबवशील का?" पकड 30च्या त्रिज्येवर, टूलचा जोर 140वर, म्हणजे पकडीला साडेचार पटीहून जास्त ताकद हवी. त्यात गॅस कटिंगचं भोक, म्हणजे जॉ उंचवट्यांवरच टेकलेले.

मग त्यांनी केलं ते असं. आधी फोर-जॉ चक (चार जबड्यांचा) चढवला. चक चढवता-उतरवता बेडवर लाकडी फळी हवीच. जॉ उलटे लावून चकती बाहेरून धरली. हाताने फिरवून पाहिलं तर जॉब मोकळा, पण जॉची टोकं बेडला लागत होती. म्हणून हेडस्टॉकजवळचा (चकाच्या बाजूचा) गॅप पीस, म्हणजे बेडचा सुटा तुकडा, काढला. (तो परत बसवताना बूड कापडाने पुसून, कचरा न ठेवता बसवायचा. कित्येक गाळ्यांत तो एकदा निघाला की कोपऱ्यातच पडून राहतो.) तोंड आणि भोक या पकडीत उरकलं. मग फ्लँजची बोल्टची भोकं ड्रिल करून घेतली आणि त्यांतूनच चकती फेस प्लेटला (चकाच्या जागी लावायच्या सपाट तबकडीला) आवळली. मागे एकसारख्या जाडीचं पॅकिंग, मधे वर्तमानपत्राचा कागद. कागदाने पकड वाढते. भोकाला डायल (मोजमापाचा काटा) लावून ट्रू केलं, म्हणजे बरोबर मध्यावर आणलं, आणि शेवटी बाहेरचा व्यास.

वेगाचंही बघा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने एमएसला मिनिटाला 25 मीटर धरले, तर 280च्या व्यासाला जेमतेम 28 आरपीएम येतात. आमचा लेथ बॅक गिअरमध्येही (वेग कमी करायच्या गिअरमध्ये) 45च्या खाली येत नव्हता, म्हणजे कडेला जवळपास 40 मीटर. एचएसएस जळालं असतं, म्हणून जास्त उष्णता सोसणारं कार्बाइड टूल लावलं. गॅस कटिंगची कड कडक असते. पहिला कट त्या सालीच्या खालून जाईल इतका खोल घ्या, नाहीतर टूलचं टोक नुसतं घासून जातं.

एकाच अंगाला जड असलेला ब्रॅकेट आला की फेस प्लेटवर समोरच्या बाजूला वजन बांधा. स्पिंडल मोकळा सोडून हाताने फिरवा. दर वेळी जॉबची जड बाजूच खाली येऊन थांबत असेल तर वजन कमी आहे.

लांब शाफ्टला स्टेडी (मधला आधार) लागते. स्टेडी बसेल तिथे आधी गोल, गुळगुळीत पट्टा मारा आणि तेल द्या. डेड सेंटर (शाफ्टच्या टोकाला टेकणारं, न फिरणारं टोक) वापरत असाल तर मधून मधून सैल करा. 1 मीटरचा शाफ्ट 50 अंशांनी तापला की अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो आणि सेंटर करपतं.

आणि एक गंमत, जी मला आयटीआयत कुणी दाखवली नव्हती: जॉब फिरवायलाच जमत नसेल तर तो क्रॉस स्लाइडवर बांधा आणि दोन सेंटरमध्ये बोरिंग बार फिरवा. एका पंपाच्या बॉडीचं भोक आम्ही असंच केलं.

हातमोजे उचलायला घाला, मशीन चालू करण्याआधी काढा.

परवा 60 किलोचा गिअर ब्लँक आला. टेम्पोतून उतरवायच्या आधीच मी गिऱ्हाइकाला व्हीटीएलवाल्याकडे (मोठे जॉब आडव्या टेबलावर ठेवून फिरवणाऱ्या उभ्या लेथवाल्याकडे) पाठवलं. मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.