बागेतल्या रेल्वेचं स्टेशन एमडीएफचं करू नका

बागेत छोटी मॉडेल रेल्वे मांडायची, तर नागपुरात पावसाइतकंच मे महिन्याचं ऊन घातक. माझं पहिलं स्टेशन एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं होतं. वरून रंग शाबूत, पण खालची कड ओल शोषून बिस्किटासारखी फुगली. आता भिंतींना 5 मिमीची पीव्हीसी फोमशीट, म्हणजे हलकी प्लास्टिकची शीट वापरतो. पाणी पीत नाही, साध्या कटरने कापली जाते. जोड पीव्हीसी सोल्यूशनने, आणि आतून प्रत्येक कोपऱ्यात पट्टी हवीच.

छप्पर मात्र फिकट रंगाचं ठेवा. कडबी चौकातल्या नॅरो गेज संग्रहालयातलं इंजिन पाहून सगळं काळंभोर करावंसं वाटतं, पण काळा रंग ऊन ओढतो आणि 45 अंशांच्या उन्हात तापून शीट मऊ पडून वाकते. शीट पॉलिश पेपरने हलकी घासून बाहेरच्या भिंतींसाठीच्या ॲक्रिलिक इमल्शन रंगाचे दोन हात द्या.

इमारतीला तळ लावूच नका. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ती नुसती ठेवा, फरशी मातीपेक्षा बोटभर उंच. वळचणीखाली दोन भोकं ठेवली की आतली वाफ निघून जाते. सिलिकॉन फक्त छपराच्या जोडाला, तेही मृग लागण्याआधी.