जुना संगणक आणि जुना स्कॅनर: जोडी जमवून कामाला कसे लावावे

अडगळीत पडलेल्या संगणकाचा उपयोग करायचा ठरवले की बहुतेक जण आधी संगणकच सुरू करून पाहतात, त्याची मेमरी मोजतात आणि त्यावर आजचे ब्राउझर चालत नाहीत हे दिसताच तो परत कोपऱ्यात ठेवतात. कागदपत्रे, जुनी छायाचित्रे किंवा पुस्तके स्कॅन करणे हा हेतू असेल, तर सुरुवात स्कॅनरपासून करावी आणि त्याला साजेसा संगणक मागाहून निवडावा. स्कॅनरची यंत्रणा पुष्कळदा ठणठणीत असते. त्याच्या ड्रायव्हरची, म्हणजे संगणकाला स्कॅनरशी बोलायला लावणाऱ्या प्रोग्रॅमची, मुदत मात्र कंपनीने ज्या विंडोज आवृत्तीपर्यंत ते पुरवले तेथेच संपलेली असते. म्हणूनच नव्या संगणकाला जो स्कॅनर ओळखता येत नाही, तो त्याच्या काळातल्या संगणकाला जोडताच कामाला लागतो.

स्कॅनर तपासताना

झाकण उघडून पाहण्याआधी यंत्राच्या तळाशी किंवा बाजूला असलेली वाहतुकीची कडी शोधावी. अनेक सपाट स्कॅनरांमध्ये आतला सरकता भाग प्रवासात हलू नये म्हणून तो या कडीने अडकवलेला असतो. ती न सोडवता वीज दिली, तर मोटर जागच्या जागी जोर लावते, कर्कश आवाज येतो आणि दाते झिजू शकतात. हलवाहलव करताना कोणीतरी ती कधीकाळी लावलेली असते, त्यामुळे स्कॅनर पूर्वी चालत होता एवढ्यावर विसंबू नये.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे संवेदक, म्हणजे पानावरची प्रतिमा टिपणारा भाग. जाड, वजनदार आणि वेगळा वीजपुरवठा लागणाऱ्या यंत्रात सहसा आरसे व भिंग असलेला सीसीडी संवेदक असतो. अगदी पातळ आणि केवळ यूएसबी केबलवर चालणाऱ्या यंत्रात बहुधा सीआयएस हा काचेलगतचा संवेदक असतो. सीआयएसला वस्तू काचेला चिकटलेलीच लागते; पुस्तकाच्या बांधणीजवळचा भाग काचेपासून थोडा जरी उचललेला राहिला, तरी तेथील अक्षरे धूसर होतात. सीसीडीला ही उंची बऱ्याच प्रमाणात चालते. बांधीव पुस्तके, वह्या किंवा चुरगळलेली पत्रे स्कॅन करायची असतील, तर जुना सीसीडी स्कॅनर आजच्या स्वस्त पातळ यंत्रापेक्षा सरस ठरतो, आणि खरे तर एवढ्या एका कारणासाठीही तो राखून ठेवावा. त्यात फ्लुओरेसंट दिवा असल्यास प्रकाश स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून पहिले स्कॅन घाईने घेऊ नये. दिवा तापण्याआधी घेतलेल्या पानाचा रंग वरच्या आणि खालच्या भागात वेगळा दिसू शकतो.

काच पुसताना द्रव थेट काचेवर फवारू नये, कारण तो कडेच्या फटीतून आत उतरतो. धागे न सुटणाऱ्या मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित घेऊन पुसावे. काच स्वच्छ असूनही प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येत असेल, तर दोष बहुधा काचेच्या टोकाला चौकटीखाली असलेल्या पांढऱ्या पट्टीवरील धुळीचा असतो. स्कॅनर दरवेळी या पट्टीवरून आपली उजेडाची मोजणी करतो. पाने आपोआप ओढणाऱ्या यंत्रात अशी रेघ अरुंद काचेवर चिकटलेल्या एखाद्या कणामुळे येते. तिथे कागद सरकतो आणि संवेदक स्थिर राहतो, म्हणून एका कणाची छाया पानभर लांबते.

आता केबल. यूएसबी असेल तर काम सोपे आहे. पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरांच्या रुंद जोडणीवर, चालणारा स्कॅनर असेल, तर तसा पोर्ट प्रत्यक्ष मदरबोर्डवर असलेला जुना संगणकच घ्यावा आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तो ईपीपी किंवा ईसीपी या दुहेरी वहनाच्या पद्धतीवर ठेवावा. यूएसबीतून पॅरलल करून देणाऱ्या केबली मुख्यतः प्रिंटरसाठी असतात. त्यांवर स्कॅनर चालेल अशी आशा धरू नये. स्कझी ही अनेक उपकरणे एका साखळीत जोडण्याची जुनी पद्धत; तशा स्कॅनरसाठी कार्ड लागते, प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा असावा लागतो आणि साखळीच्या शेवटी टर्मिनेटर हा संकेत थोपवणारा तुकडा बसवावा लागतो.

ड्रायव्हरचा प्रश्न

बत्तीस बिटांसाठी लिहिलेला ड्रायव्हर चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये चालत नाही. विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांतच येते. त्यामुळे ज्या स्कॅनरसाठी फक्त विंडोज एक्सपीच्या काळातला ड्रायव्हर उपलब्ध आहे, त्याच्यासमोर तीन वाटा उरतात.

पहिली वाट म्हणजे जुना संगणक जुन्याच विंडोजसह ठेवून तो इंटरनेटपासून कायमचा तोडणे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसलेले यंत्र जाळ्यावर सोडणे योग्य नाही. मात्र ज्याला जाळ्याची केबलही नाही आणि वायफायही नाही, असे यंत्र केवळ स्कॅन करून पेन ड्राइव्हवर फाइली देत राहिले तर धोका फार कमी राहतो. ड्रायव्हरची सीडी हाती असेल, तर तिची संपूर्ण प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावी, कारण सीडी खराब झाली आणि कंपनीने संकेतस्थळावरून ड्रायव्हर काढला की ही वाट बंद होते.

दुसरी वाट लिनक्स या मोफत कार्यप्रणालीची आहे आणि यूएसबी स्कॅनरसाठी मी तीच आधी सुचवीन. लिनक्समधील सेन (SANE) या प्रकल्पात जुन्या स्कॅनरांसाठी मोठ्या संख्येने ड्रायव्हर आहेत, आणि कोणते मॉडेल पूर्ण चालते, कोणते अर्धवट चालते व कोणते अजिबात चालत नाही, याची यादी तोच प्रकल्प प्रसिद्ध करतो. विकत घेण्याआधी किंवा टाकून देण्याआधी ही यादी पाहावी. काही स्कॅनरांना सुरू होताना फर्मवेअरची (यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमची) फाइल द्यावी लागते आणि ती विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढून योग्य जागी ठेवावी लागते. सीडी जपण्याचे हे आणखी एक कारण. संगणक बत्तीस बिटांचा असेल, तर डेबियन या लिनक्सच्या तयार संचाच्या १२ पर्यंतच्या आवृत्त्या त्यावर बसवता येतात, डेबियन १३ मध्ये त्यासाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप असलेले लिनक्सचे कोणतेही हलके वितरण (तयार संच) चालेल. या वाटेचा मोठा फायदा असा की स्कॅनर घरातल्या जाळ्यावर इतरांना वापरता येतो: सेनमधली जाळ्याची सोय किंवा एअरसेन हा प्रोग्रॅम वापरला, तर नव्या संगणकावरून जुन्या स्कॅनरला थेट हुकूम देता येतो.

तिसरी वाट व्ह्यूस्कॅनसारखे सशुल्क सॉफ्टवेअर नव्याच संगणकावर वापरण्याची. त्यात अनेक स्कॅनरांसाठी स्वतःचे ड्रायव्हर आहेत आणि चाचणीची आवृत्ती प्रतिमेवर शिक्का उमटवून का होईना, पण चालते. तिच्यावर आपले यंत्र ओळखले जाते का हे पाहूनच पैसे द्यावेत. ही वाट यशस्वी झाली, तर जुन्या संगणकाची गरजच उरत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

संगणकाची तयारी

यात फार वेळ घालवू नये. पेटी उघडून पंख्यांतली धूळ काढावी आणि मदरबोर्डवरील कपॅसिटरांची डोकी फुगलेली आहेत का ते पाहावे; फुगलेली असतील तर त्या यंत्रावर महत्त्वाचे काम सोपवू नये. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नये, कारण वायर काढल्यावरही तिच्यात काही काळ धोकादायक विद्युतभार राहतो. तारीख दरवेळी मागे जात असेल, तर सीआर२०३२ हा बटण सेल बदलावा, अन्यथा सर्व फाइलींवर चुकीच्या तारखा पडतील. जुन्या हार्ड डिस्कवर कायमचा साठा कधीच ठेवू नये. साटा पोर्ट (डिस्क जोडण्याची अरुंद जागा) असेल, तर छोटी एसएसडी बसवणे ही या यंत्रावर करता येण्याजोगी सर्वांत फलदायी सुधारणा आहे. हे यंत्र चोवीस तास चालणारा सर्व्हर म्हणून ठेवू नये, कारण जुने डेस्कटॉप वीज बरीच खातात. कामापुरते सुरू करून ते बंद करावे.

किती बारकाईने स्कॅन करावे

३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ए४ पानाचे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत प्रतीसाठी प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर फाइल कॉम्प्रेस करण्यापूर्वीचे एक पान सुमारे २६ एमबी भरते, राखाडी छटांतले त्याच्या एक तृतीयांश. ६०० डीपीआयला रंगीत पान १०४ एमबीच्या आसपास जाते. यूएसबी १.१ च्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १ एमबीच जातो, म्हणजे पहिल्या पानाला अर्धा मिनिट आणि दुसऱ्याला पावणेदोन मिनिटे केवळ वहनासाठी लागतात. स्कॅनर यूएसबी २.० चा असून संगणक जुना असेल, तर यूएसबी २.० चे पीसीआय कार्ड बसवल्याने हा खोळंबा संपतो. मेमरी ५१२ एमबी असेल, तर सगळी पाने एका पीडीएफमध्ये गोळा करत बसू नये. प्रत्येक पान स्वतंत्र टिफ (चित्राचा एक प्रकार) फाइल म्हणून लगेच डिस्कवर उतरवावे.

छापील मजकुराला ३०० डीपीआय पुरते. लहान छायाचित्र मोठे करून छापायचे असेल, तर ६०० घ्यावे. खोक्यावर छापलेले भव्य आकडे पुष्कळदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात, म्हणून तपशिलातील ऑप्टिकल रिझोल्यूशन पाहावे आणि त्यापलीकडे जाऊ नये. त्यापुढे फक्त फाइल वाढते. पातळ कागदामागची छपाई उमटत असेल, तर पानाच्या मागे काळा कागद ठेवावा. छापील मासिकातल्या चित्रांवर जाळीसारखी नक्षी दिसू लागली, तर डीस्क्रीनचा पर्याय वापरावा. मात्र मजकुराच्या पानांवर तो बंद ठेवावा, नाहीतर अक्षरांच्या कडा मऊ होतात.

स्कॅनच्या चित्रातून मजकूर ओळखण्याचे काम जुन्या यंत्रावर करू नये. टेसेरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखते, पण २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यातील पद्धत न्यूरल नेटवर्कवर आधारलेली असल्याने जुन्या प्रोसेसरला ती जड जाते. टिफ फाइली नव्या संगणकावर नेऊन तेथे ओळख करावी. देवनागरीसाठी पान सरळ असणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण शिरोरेषा तिरकी झाली की ओळी आणि अक्षरे वेगळी करणे अवघड होते. कमी डीपीआयवर अनुस्वार आणि रफार पुसट होऊन शब्दच बदलतात. पुस्तकाच्या जोडपानांसाठी स्कॅनटेलर हा प्रोग्रॅम वापरल्यास दोन पाने वेगळी करणे, सरळ करणे आणि कडा छाटणे ही कामे एकत्र होतात.

फाइली हलवताना पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही. पाने सुटी ठेवण्याचा येथेही उपयोग होतो. नवे विंडोज जुन्या एक्सपीशी फोल्डर वाटून घ्यायला तयार नसते, कारण त्यासाठी लागणारी एसएमबी १ ही पद्धत आता सुरक्षेसाठी मुळात बंद ठेवलेली असते. ती मुद्दाम सुरू करण्यापेक्षा पेन ड्राइव्हची फेरी बरी. मूळ टिफ प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर पोहोचल्याशिवाय स्कॅनिंगच्या यंत्रावरील फाइली पुसू नयेत.

दिवा तापल्यावरही पान लालसर किंवा मंद येत असेल, सरकता भाग अडखळून पट्टे पडत असतील आणि सफाईने फरक पडत नसेल, तर यंत्राचा पिच्छा सोडावा. जुन्या सीसीडी स्कॅनरच्या दिव्यात पारा असतो, त्यामुळे तो फोडू नये किंवा कचऱ्यात टाकू नये. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे अख्खे यंत्र द्यावे. संगणकही देणार असाल, तर त्याची हार्ड डिस्क आधी काढून घ्यावी किंवा संपूर्ण पुसावी, कारण केवळ फाइली डिलीट केल्याने त्यांतील मजकूर डिस्कवरून जात नाही.