वसंतातला भाजीचा वाफा आणि घरी शिकणारी मुलं : सुरुवात कशी करावी

घरी शिकणाऱ्या मुलांचं लक्ष वसंतात वह्या-पुस्तकांत लागत नाही, आणि ते लागावं असा हट्ट मी आता धरत नाही. दिवस मोठा होत जातो, लवकर उजाडतं आणि मुलं उठल्याबरोबर दाराकडे धावतात. हे दोन-तीन महिने भाजीच्या वाफ्यालाच घरची शाळा मानलं तर गणित, विज्ञान, लेखन यातलं काही मागे पडत नाही. फक्त मांडणी नीट करावी लागते.

पहिल्या वर्षी ती मी उलटी केली. सोमवारी मातीचं विज्ञान, मंगळवारी वाफ्याचं गणित असा तक्ताच भिंतीवर लावला. तिसऱ्या आठवड्यात मुलं वाफ्याकडे फिरकेनाशी झाली, कारण तिथे गेलं की आई प्रश्न विचारणार हे त्यांना कळून चुकलं होतं. तेव्हापासून एकच नियम पाळते. बागेत फक्त काम आणि गप्पा. वही संध्याकाळी उघडायची आणि त्या दिवशी जे घडलं त्यातूनच धडा घ्यायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमाला धरून आहेत.

१. वाफा लहान आखा

रुंदी मुलाच्या हातावरून ठरवा. कडेला उकिडवं बसून हात वाफ्याच्या मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे आत पाय पडत नाही आणि माती दडपली जात नाही. ८० सेंटीमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब वाफा घेतला की क्षेत्रफळ बरोबर २ चौरस मीटर येतं, आणि पुढे पाण्याचा हिशोब सोपा जातो. जमीन नसेल तर किमान ३० सेंटीमीटर खोल आणि तळाला भोकं असलेल्या कुंड्या घ्या.

फळभाज्यांना दिवसाला निदान सहा तास ऊन लागतं, पालेभाज्यांचं चारेक तासांवर भागतं. ऊन किती वेळ राहतं हे मुलांनाच शोधू द्या. जागेवर काठी रोवायची, दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि सावली पडलीच नाही तो तास वहीत वेगळा लिहायचा.

मग सुतळी बांधून प्रत्येक मुलाला त्याचा तुकडा द्या. तो खरोखर त्याचाच राहू द्या. त्यात तण माजलं, ओळ वाकडी गेली, तरी मूल झोपल्यावर गुपचूप नीट करू नका. मुलांना ते सकाळी लगेच कळतं, आणि मग तो तुकडा त्यांचा राहत नाही.

२. वाफसा येईपर्यंत थांबा

वाफसा म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, खणण्याजोगी असणं. ओली माती खणली की तिची ढेकळं होतात आणि पुढे ती दगडासारखी वाळतात. म्हणून मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि अंगठ्याने हलकेच दाबा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आला. नुसताच चेपला तर दोन दिवस थांबा. ही परीक्षा चार वर्षांचं मूलही घेतं, आणि रोज घ्यायला मागतं.

थांबायच्या दिवसांत बरणीचा प्रयोग करा. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून खूप हलवायचं आणि बरणी खिडकीत ठेवायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, बारीक गाळ काही तासांत आणि चिकणमातीला दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. थर दिसले की पट्टीने मोजा. एकूण नऊ सेंटीमीटरपैकी तीन वाळूचे असतील तर वाळू किती टक्के, हे गणित मोठ्या मुलाला कोणी ‘घातलेलं’ नसतं. ते बरणीतच असतं.

चांगलं कुजलेलं कंपोस्ट चार सेंटीमीटर जाड पसरा. २ चौरस मीटरला ते ८० लिटर लागतं, म्हणजे दहा लिटरच्या आठ बादल्या. खताला मातीचा वास यायला हवा. कुजकट वास येत असेल तर ते अजून तयार नाही. आणि माती हाताळायला लागण्याआधी मुलांच्या धनुर्वाताच्या लसी वेळेवर झाल्या आहेत का, हे बघून घ्या. काम संपलं की साबणाने हात धुणं यात सवलत नाही.

३. बी निवडा, आणि पेरण्याआधी तपासा

पहिल्या वसंतात पाचपेक्षा जास्त भाज्या घेऊ नका. अधीर मुलासाठी लाल गोल मुळा, कारण तो चार-पाच दिवसांत उगवतो आणि महिनाभरात काढणीला येतो. लहान बोटांसाठी फरसबी, कारण बी मोठं असतं. चढणारा वेल बघायला वाटाणा. मोठ्या मुलाला टोमॅटो. एखादा भोपळ्याचा वेल जागा खातो, तरी मी तो दरवर्षी लावतेच. का ते पुढे सांगते.

गुलाबी, निळ्या असल्या भडक रंगाचा लेप दिलेलं बी लहान मुलांच्या हाती देऊ नका, त्यावर बहुधा बुरशीनाशक असतं. फरसबीचं कच्चं बी साधं असलं तरी चावायचं नाही, ते पोटाला बाधतं.

ओल्या फडक्यात वीस बिया गुंडाळा, फडकं ओलसर ठेवा आणि आठवड्याने मोजा. सोळा रुजल्या तर उगवण ८० टक्के. मग वाफ्यात चाळीस रोपं हवी असतील तर बिया किती टोकायच्या? आमच्याकडे टक्केवारी अशीच शिकून झाली.

त्याच वेळी दुसऱ्या एका बरणीत, काच आणि ओल्या कागदाच्या मध्ये, फरसबीची एक आणि वाटाण्याची एक बी ठेवा. याच्यासारखं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. दोन्हीचं मूळ आधी खाली उतरतं. मग फरसबीचा दांडा कमानीसारखा वाकतो, पाठीने वर रेटतो आणि अख्खं बी उचलून वर आणतो. दोन्ही डाळिंब्या उघडतात आणि त्यांच्या मधून सुरकुतलेली पहिली पानं बाहेर येतात. वाटाण्यात मात्र बी जागेवरच राहतं, वर येतो तो नुसता कोंब. आमच्या धाकटीने वाटाण्याचं एक रोप उकरून ‘याच्या डाळिंब्या कुठे गेल्या’ म्हणून शोधल्या आणि मातीत मऊ पडलेल्या सापडल्यावर धावत येऊन दाखवल्या. ते रोप गेलं, पण मी अडवलं नाही.

पेरताना बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावं. मुळ्याला एक सेंटीमीटर, फरसबीला तीन पुरे. गार मातीत फरसबी कुजते, म्हणून सकाळी पाच सेंटीमीटर खोलीवर थर्मामीटर धरा आणि पारा १५ अंशांच्या वर टिकायला लागला की पेरा. काही ठिकाणी वसंतात गारठा मागे रेंगाळतो, तिथे टोमॅटोची रोपं दहिवर गोठण्याचे दिवस सरल्यावरच बाहेर लावा. काही ठिकाणी ऊन झपाट्याने तापतं, तिथे मुळा आणि वाटाणा अगदी सुरुवातीलाच उरकून घ्या, कारण दोघांनाही उष्णता सोसत नाही. टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं खुडून दांडा खोल पुरा. पुरलेल्या दांड्याला नवी मुळं फुटतात.

४. दिवस कसा लावायचा

सकाळी नाश्त्याआधी अर्धा-पाऊण तास बाग. दुपारी घरात वाचन, चित्रं, विश्रांती. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं वही. एवढंच वेळापत्रक ठेवा. उरलेला अभ्यास करायचाच असेल तर दुपारी करा. सकाळ मोडू नका.

कामं वयानुसार वाटा. तीन-चार वर्षांच्या मुलाला छोटी झारी. सहा-आठ वर्षांच्यांना टोकणं, अंतर मोजणं, काड्यांचे आधार लावणं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडे पाण्याचा हिशोब सोपवा. भाजीच्या वाफ्याला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणून आपल्या वाफ्याला ५० लिटर. उघड्यावर ठेवलेल्या सरळ कडांच्या डब्यात १० मिलिमीटर पाऊस साठला तर २० लिटर मिळाले, उरले ३०, म्हणजे पाच लिटरच्या सहा झाऱ्या. हिशोब झाला तरी बोट मातीत खुपसून बघायचंच. बोट दोन पेरं आत ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही.

५. विरळणी

मुलांना सगळ्यात जड जाणारं काम हेच. आपण पेरलं, उगवलं, आणि आता उपटायचं? जबरदस्ती करू नका. मुळ्याच्या अर्ध्या ओळीत दर पाच सेंटीमीटरला एक रोप ठेवा आणि उरलेली अर्धी ओळ मुलाच्या मनासारखी दाट राहू द्या. महिन्याने दोन्हीकडचे मुळे शेजारी शेजारी ठेवले की पुढच्या ओळीची विरळणी मूल आपणहून करतं. उपटलेली कोवळी रोपं धुऊन खाता येतात, हे सांगितलं तर दुःख थोडं हलकं होतं.

६. किडे आणि फुलं

पानांच्या मागे मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला की लगेच फवारणीकडे धावू नका. आधी भिंग घेऊन बसा. माव्याच्या गर्दीत एखादी काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची अळी हळूहळू सरकताना दिसेल, अंगाने इवल्याशा मगरीसारखी. ही लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी. ती मावा खाते. भुंगेरा सगळे ओळखतात, त्याच्या अळीला मात्र कीड समजून चिरडतात. आमच्याकडेही दोनदा तसं झालं, तेव्हापासून तिचं मोठं चित्र वहीच्या पहिल्या पानावर आहे. मावा फारच वाढला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा.

आता भोपळा. त्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी चिमुकला भोपळा असतो, नर फुलाचा देठ सरळ, बारीक. आधी बरेच दिवस नुसती नर फुलं येतात आणि ‘फळ का धरत नाही’ ही चिंता सुरू होते. मादी फूल उमललं की सकाळी लवकर, फूल मिटायच्या आत, नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर फिरवा. मुलाच्या बोटाला ती पिवळी पूड लागते, आणि परागीभवन हा शब्द पुन्हा समजावावा लागत नाही. देठाला रंगीत दोरा बांधून तारीख लिहा. परागीभवन साधलं तर आठवड्याभरात तो चिमुकला भोपळा फुगलेला दिसतो, नाही तर पिवळा पडून गळतो.

७. संध्याकाळची वही

न लिहिता येणाऱ्याने चित्र काढावं आणि त्याने सांगितलेलं वाक्य आपण खाली लिहावं, त्याच्याच शब्दांत. मोठ्यांनी तारीख, तापमान, उंची, पाणी आणि एक निरीक्षण. घरशिक्षणाच्या नोंदी जिथे दाखवाव्या लागतात तिथे ही वहीच कामी येते.

थोरल्या मुलाला वाटाणा निवडताना, आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलची गोष्ट सांगा. १८५६ ते १८६३ या काळात त्याने ब्रनो इथल्या मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं वाढवली. गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या संकरातून आधी सगळ्या गोलच बिया आल्या. त्यांच्या पुढच्या पिढीत त्याने ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या मोजल्या. हे आकडे मुलाला भागू द्या. उत्तर ३ च्या किती जवळ येतं हे बघितल्यावर मोजणीच्या कंटाळवाण्या कामाबद्दल त्याला आपोआप आदर वाटायला लागतो.

८. नुकसान झालं तर

होईलच. दुसऱ्या वर्षी धाकटीच्या तुकड्यातली सगळी कोवळी रोपं एका रात्रीत गोगलगायींनी फस्त केली. ती रडली. मी तिच्याजवळ बसले, आणि रोपांच्या बुडख्यांजवळची चकचकीत माग आम्ही दोघींनी मिळून शोधली. नवी रोपं गुपचूप आणून लावली असती तर हे राहून गेलं असतं. म्हणून बी जरा जास्त ठेवा आणि उघडपणे, मुलासोबतच, पुन्हा पेरा. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचायला जाणं हा त्या वर्षीचा मुलांचा सगळ्यात आवडता तास ठरला.

९. काढणी आणि बी

फरसबीच्या शेंगा कोवळ्या असतानाच दर दोन-तीन दिवसांनी तोडा, तोडाल तितक्या नव्या येतात. हंगाम संपला की एक रोप मुळासकट हळूच उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर तिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला देत होते. उरलेली रोपं उपटू नका, बुडाशी कापा आणि मुळं मातीतच राहू द्या.

दोन रोपांवरच्या शेंगा मात्र आधीपासून राखून ठेवा. वेलावरच वाळून त्या खुळखुळ वाजायला लागल्या की सोला. फरसबीचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून या बियांपासून पुढे तसंच रोप मिळतं. भोपळ्याच्या बियांचा असा भरवसा नाही, मधमाशा शेजारच्या वेलाचा पराग आणतात. संकरित जातीचं बी तर राखूच नये. वाळलेलं बी कागदाच्या पाकिटात, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पाकिटावर भाजी, जात आणि तारीख मुलालाच लिहू द्या. पुढच्या वसंतात ओल्या फडक्यात ठेवायच्या वीस बिया याच पाकिटातून घ्यायच्या आहेत.