मांजराचे दात आणि त्याचं खाणं

'ड्राय फूड दिलं की दात आपोआप साफ राहतात' हे अर्धंच खरं आहे. मांजराचा जबडा फक्त वर-खाली हलतो आणि त्याच्या दाढा कात्रीसारख्या धारदार असतात, दळायच्या नसतात. साध्या ड्राय फूडचा दाणा दाढेचं टोक लागताच फुटतो. प्लाक, म्हणजे दातांवरचा जंतूंचा चिकट थर, साचतो हिरडीच्या कडेला, तिथपर्यंत दाणा पोचतच नाही. कित्येक मांजरं तर दाणे सबंध गिळतात. खाताना जवळ बसून कान द्या: कुरकुर आवाज येत नसेल तर दात घासले जाण्याचा प्रश्नच नाही.

दातांसाठी म्हणून बनवलेलं ड्राय फूड वेगळं असतं. दाणा मोठा आणि तंतुमय असतो, दात आत रुतल्यावरच तो तुटतो, त्यामुळे दाताच्या बाजू घासल्या जातात. काहींत पॉलिफॉस्फेट असतं. ते लाळेतलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि प्लाकचं कीटण होणं मंदावतं. पाकिटावर 'व्हीओएचसी'चा (व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल, प्राण्यांच्या दातांसाठीच्या उत्पादनांची पारख करणारी संस्था) शिक्का आहे का ते पाहा. चाचण्यांचे निकाल तपासूनच तो दिला जातो. मात्र हे दाणे नेहमीच्या खाण्यावर चिमूटभर भुरभुरून काही होत नाही. आणि ते पाण्यात किंवा दुधात भिजवले तर घासण्याचा गुण गेलाच.

पण दातांसाठी म्हणून ओल्या खाण्याचे पाउच बंद करू नका. ओल्या खाण्यात साधारण 75 ते 80 टक्के पाणी असतं, ड्राय फूडमध्ये जेमतेम 10. लघवीचा त्रास असलेल्या मांजराला, विशेषतः बोक्याला, दातांपायी कोरड्यावर ठेवणं महागात पडतं. अशा वेळी ओलं खाणं आणि ब्रश हीच जोडी बरी.

खाणं बदलायचं ते 7 ते 10 दिवसांत: आधी पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण. 'भूक लागली की खाईल' असं म्हणून उपाशी ठेवू नका. मांजर, त्यातून जाडं, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडचं दूध-पोळी, दूध-भात हे मांजराचं जेवणच नव्हे. त्यातून त्याला लागणारं टॉरिन (मांसातून मिळणारं एक आवश्यक पोषकद्रव्य) पुरेसं मिळत नाही. नुसतं मांस किंवा काळीज देणं त्याहून फसवं. त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, जबड्याचं हाड ठिसूळ होतं आणि दात हलायला लागतात. पिल्लांना याचा फटका लवकर बसतो. माशाचे काटे टाळूत आडवे अडकतात, शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाच्या कपच्या होतात, कडक हाडावर सुळा तुटतो.

खाणं कितीही चांगलं असलं तरी ब्रशला तोड नाही. पहिले काही दिवस मांजरांसाठीची टूथपेस्ट बोटावर चाटवा. मग ओठ उचलून वरचे सुळे आणि मागच्या दाढा फक्त बाहेरच्या बाजूने, ब्रश हिरडीकडे तिरपा धरून घासा. आतली बाजू त्याची खरखरीत जीभ बरीचशी सांभाळते. अर्धा मिनिट पुरे, पण रोज हवं, कारण दोन-तीन दिवसांत प्लाक कडक व्हायला लागतो. आपली टूथपेस्ट नको. मांजर ती थुंकत नाही, गिळतं.

तोंडाला घाण वास, हिरडीवर लाल रेघ, लाळ गळणं, एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं यांपैकी काही दिसलं तर आधी व्हेटकडे जा. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवलात तर मांजर पुन्हा तोंडाला हात लावू देणार नाही. जमलेलं कीटण ना खाण्याने निघतं ना ब्रशने; ते भूल देऊनच काढावं लागतं. दात काढले असतील तर साधारण दोन आठवडे मऊ खाणं द्या. जखमा भरल्यावर बरीच मांजरं पुन्हा ड्राय फूड मागतात आणि दाढांवाचूनही मजेत खातात.