मंडळात दाखवायची गोधडी शेवटचे फेरे बाकी असतानाच न्यावी

गोधडी, म्हणजे कोल्हापूरकडची वाकळ, पूर्ण करून घडी घालून गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मंडळात नेली की तिचे कौतुक होते आणि ती तशीच घरी परत येते. तीच काठापासून मध्याकडे जाणाऱ्या शिवणीचे शेवटचे तीन-चार फेरे शिल्लक असताना नेली, तर चूक दुरुस्त करायला वाव राहतो आणि पाहणाऱ्यांनाही शिवण आतून कशी चालली आहे हे उमगते. म्हणून ती चारचौघींसमोर उलगडायची आहे, हे कापड निवडतानाच धरून चालावे.

कापड जुने आणि सुतीच घ्यावे. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. ते चार पदरी केले की सुमारे २ मीटर लांबीचे चार थर मिळतात, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाला एक लुगडे पुरते. वरच्या ठिगळांसाठी मात्र वेगळे तुकडे जमवावे लागतात. सुती आणि सिंथेटिक कापड एकत्र करू नये, कारण धुतल्यावर सुती कापड आटते, सिंथेटिक जवळजवळ आटत नाही आणि टाक्यांच्या मधल्या जागेत फुगवटे येतात. लाल व गडद निळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके घासून पाहावे आणि रंग लागला तर तो तुकडा, कितीही आवडता असला तरी, बाजूला ठेवावा.

थर सतरंजीवर पसरून, तळहाताने मधून काठाकडे सपाट करत, एकावर एक घालावेत. कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि वीत-वीत अंतरावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लांब कच्चे टाके घालावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण सारी गोधडी त्यावरच उभी असते. माझ्या पहिल्या गोधडीत मी ते टाळले आणि काठापासून थेट शिवत आत गेले. प्रत्येक फेऱ्यात वरचे कापड जरासे पुढे सरकत राहिले आणि मधोमध मुठीत मावेल एवढा झोळ जमला. मंडळातल्या एका आजींनी गोधडी उलटी केली, डोळे मिटून उलट्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि कापड कोणत्या फेऱ्यापासून सरकू लागले तो फेरा नेमका दाखवला. सुलट बाजूच्या रंगीत ठिगळांत मला तो कधीच सापडला नसता.

शिवण धावदोऱ्याची असावी, फेऱ्यांत बोटभर अंतर ठेवावे आणि चार-पाच थरांतून सुई नेताना इंचाला तीन-चार टाके बसले तरी पुरेसे मानावे. टाके बारीक असण्यापेक्षा सारखे असणे महत्त्वाचे आहे. दोरा हातभरच घ्यावा, कारण लांब दोरा गुंततो आणि ओढून ओढून झिजतो. गाठ थरांच्या आत लपवावी. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या परिसरातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीसुद्धा अशीच काठापासून मध्याकडे शिवली जाते आणि तिच्या कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुले लावतात. आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांचा विचार करताना ती आवर्जून पाहावी.

मंडळात गोधडी दोघींनी हातात धरून उंच करू नये. ओझ्याने थर ताणले जातात आणि टाके खरे दिसत नाहीत. ती जमिनीवर, उलटी बाजू वर ठेवून पसरावी, सुई दोऱ्यासह तिच्यातच टोचलेली असावी आणि इतरांना हात लावू द्यावा. मग कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे सांगावे. ‘कशी वाटली?’ असे विचारले तर ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘या कोपऱ्यात दोरा आवळला गेला आहे का?’ असा एकच नेमका प्रश्न विचारावा. दुसरीची ठिगळांची मांडणी आवडली, तर तिला विचारूनच फोटो घ्यावा आणि आपण ती वापरली तर पुढच्या वेळी तिचे नाव घेऊन सांगावे.

घरी आल्यावर दाखवलेला फेरा उसवून पुन्हा शिवावा, मग उरलेले फेरे पुरे करावेत. उलट्या बाजूच्या एका कोपऱ्यात आपले नाव, वर्ष आणि लुगडे ज्यांचे होते त्यांचे नाव दोऱ्याने भरावे. कच्चे टाके मात्र अगदी शेवटचा फेरा मिटल्यावरच काढावेत.