बिस्क मागवलं आणि भलतंच आलं: या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांकडून वाट्या रंगवून घ्यायचं ठरलं. भट्टी होती, ग्लेझच्या (भांड्याला काचेसारखी झिलई देणाऱ्या लेपाच्या) बरण्या होत्या, वाट्या घडवायला मात्र वेळ नव्हता. म्हणून ऑनलाइन ‘बिस्क बोल’ शोधून बारा वाट्या मागवल्या. खोकं उघडलं तर आत गुळगुळीत, चकचकीत, सायीच्या रंगाच्या वाट्या. मुलं ग्लेझ लावत होती आणि ते ओघळून तळाशी जमत होतं. विकणाऱ्याने फसवलं नव्हतं. त्याच्या लेखी बिस्क हा रंग होता, माझ्या लेखी भट्टीतला टप्पा. आपल्या ‘भाजणी’चंही असंच आहे की! कुणाला थालीपीठ आठवतं, कुणाला कुंभाराचा आवा.

आधी उच्चार. ‘बिस्क’ म्हणायचं. बार्बेक्यूच्या चालीवर ‘बिस्क्यू’ म्हणणारे खूप भेटतात, पण ते चूक.

बिस्क म्हणजे अर्धवट भाजलेलं, असं धरून चालणं

स्टुडिओत मातीकाम करणाऱ्यांपुरतं हे खरं आहे. वाळलेलं कच्चं भांडं साधारण १००० अंश सेल्सिअसपर्यंत भाजलं की ते बिस्क झालं. आता ते पाण्यात विरघळत नाही, पण सच्छिद्र असतं, म्हणून ग्लेझमध्ये बुडवल्याबरोबर त्यातलं पाणी शोषून घेतं आणि ग्लेझचा थर वर धरून ठेवतं. मग दुसरी भट्टी, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची घट्ट माती) असेल तर १२२० ते १२८० अंशांची. ओळखायची युक्ती सोपी आहे: पाण्याचा एक थेंब टाका. बिस्कवर तो बघता बघता जिरतो, ग्लेझवर मणी होऊन बसतो. जुने कारागीर सरळ जीभ लावून बघतात. चिकटली की बिस्क.

पण बोन चायनाच्या कारखान्यात क्रम उलटा असतो. तिथे पहिलीच भट्टी जास्त तापमानाची असते आणि ग्लेझची नंतरची, त्याहून कमी. ते बिस्क पाणी पीत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या सेव्र इथल्या कारखान्याने ज्या पांढऱ्या, बिनझिलईच्या मूर्ती केल्या त्याही ‘बिस्क’च. त्यांच्या बाबतीत बिस्क हा मधला टप्पा नसून तयार वस्तू आहे. त्यामुळे बिस्क विकत घेताना दोन गोष्टी विचारा: कोणती माती, आणि किती अंशांना भाजलंय. नुसतं ‘बिस्क आहे का’ विचारलंत तर ‘हो’ म्हणणारे चार जण चार वेगळ्या वस्तू पाठवतील.

आता घरच्या भट्टीतल्या तक्रारी. बिस्क करताना भांडं फुटलं तर बहुतेक वेळा दोष ओलीचा असतो. वरून कोरडं दिसणारं भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. ते १०० अंशांच्या पुढे गेलं की वाफ होतं आणि भांड्याचे तुकडे करतं. म्हणून ८०-९० अंशांवर भट्टी काही तास रेंगाळू द्यायची, जाड भांड्यांना रात्रभर. भांडं फुटलं नाही, पण ग्लेझच्या भट्टीनंतर टाचणीएवढी भोकं किंवा फोड आले, तर बिस्क घाईत उरकलं गेलंय. मातीतला सेंद्रिय अंश जळून जायला ७०० ते ९०० अंशांच्या टप्प्यात वेळ लागतो. असं भांडं फोडलं तर कडेच्या मधोमध काळी रेघ दिसते. आणि ग्लेझ आक्रसून गोळा झालं, मध्ये उघडी माती दिसू लागली, तर भट्टीला बोल लावू नका. बिस्कवर धूळ होती किंवा कुणीतरी भजी खाऊन त्याच हाताने भांडी उचलली. ओल्या स्पंजाने पुसून घ्यायचं, बस. बादलीत बुडवून ठेवलंत तर ते आधीच पाणी पिऊन बसेल आणि ग्लेझ घेणार नाही.

भट्टी लावताना एक सवलत मात्र आहे. बिस्कला भांडी एकमेकांना टेकली, एकात एक ठेवली तरी चालतं. ग्लेझच्या भट्टीत ही सवलत घेतलीत तर जन्मभराची जोडी जमते.

जुन्या बाहुलीला धुवायला टाकणं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स आणि जर्मनीत ज्या बाहुल्या झाल्या, त्यातल्या अनेकींची डोकी बिस्क पोर्सिलेनची असत. झिलई नसल्यामुळे गाल मऊ, कातडीसारखे दिसतात. चकाकणारं डोकं असेल तर ती ‘चायना’ बाहुली, बिस्क नव्हे. चेहऱ्याचा रंग भट्टीत पक्का केलेला असतो, ओल्या फडक्याला तो भीत नाही. पण काही छोट्या बाहुल्या सोडल्या तर अख्खी बाहुली बिस्कची नसते. धड कागदाचा लगदा, भुसा आणि सरस यांचं किंवा चामड्याचं असतं, आणि ते भिजलं की संपलं. विकत घेताना विग उचलून डोक्यात बारीक दिवा धरा. बाहेरून न दिसणारी केसाएवढी चीर उजेडात दिसते.

रंग नावावरून निवडणं

स्क्रीनवरचा ‘बिस्क’ ठरलेला आहे: लाल २५५, हिरवा २२८, निळा १९६. फिकट पीचकडे झुकणारा. अमेरिकेत बेसिन-कमोडच्या कॅटलॉगमधला बिस्क म्हणजे पांढऱ्यात किंचित पिवळसर छटा, आणि तीही कंपनीगणिक बदलते. आपल्या कापडाच्या दुकानातला ‘बिस्किट कलर’ या दोन्हींपेक्षा गडद. तुकडा हातात घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

दाट सूप म्हणजे बिस्क

फ्रेंच स्वयंपाकात बिस्कचा जीव कवचात असतो: शेवंड, चिंबोरी, कोळंबी. (सतराव्या शतकात कबुतराचंही बिस्क होत असे, ते आता मागे पडलं.) अमेरिकन मेनूत मात्र कुठल्याही गुळगुळीत, क्रीम घातलेल्या सूपला हे नाव देतात. ‘टोमॅटो बिस्क’ वाचून शाकाहारी माणसाने निश्चिंत होऊ नये. सूपचं पाणी कशाचं आहे ते विचारावं. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याने तर विचारावंच.

घरी करताना पहिली चूक बाजारातच होते. कोळंबी सोलून आणली जाते आणि डोकी-सालं तिथेच राहतात. तीच मागून घ्या. लोण्यात ती केशरी होईपर्यंत परता. हा रंग चरबीत उतरतो, पाण्यात नाही, म्हणून नुसती उकळून सूप फिकटच राहतं. करपली तर कडू होतं. पाणी घातल्यावर अर्धा तास मंद आच पुरे, पुढे खडूसारखी चव येते. दाटपणासाठी मूठभर तांदूळ त्यातच शिजू द्या, जुनी पद्धत तीच. कॉर्नफ्लोअरने सूपची खळ होते. कोळंबीची सालं मिक्सरमधून काढता येतात, चिंबोरीची काढू नका, पातं जाईल. सूप मलमलीतून गाळा, नाहीतर दाताखाली कचकच येते. क्रीम शेवटी, आच मंद करून. टोमॅटो घातला असेल तर उकळी आली की त्याच्या आंबटपणाने ते फाटतं.

सगळ्यांची व्युत्पत्ती एकच सांगणं

‘बिस्क म्हणजे दोनदा भाजलेलं’ हे वाक्य ठोकून दिलं जातं. मातीचं बिस्क खरंच ‘बिस्किट’वरून आलं आणि बिस्किटाचा मूळ अर्थ दोनदा भाजलेलं असाच आहे, गंमत म्हणजे भट्टीतून निघालेलं बिस्क तोवर एकदाच भाजलेलं असतं. सूपच्या नावाचं मूळ पक्कं नाही. आणि क्रोके या हिरवळीवर लाकडी हातोड्याने चेंडू मारायच्या खेळातल्या बिस्कचा भट्टीशी किंवा चुलीशी काहीच संबंध नाही. तिथे बिस्क म्हणजे कमजोर खेळाडूला मिळणारी जादा पाळी, त्याला हवी तेव्हा घेण्याची. अशा जितक्या पाळ्या, तितक्या पांढऱ्या काड्या मैदानाच्या कडेला खोचतात आणि पाळी वापरली की एक काडी उपटतात. ‘हाफ बिस्क’चं भाषांतर ‘अर्धी पाळी’ करू नका. पाळी पूर्णच असते, फक्त तिच्यात गुण मिळवता येत नाही.